किरणांवरची गोळी : तोंडातून पेशीपर्यंतचा खडतर प्रवास

घरातल्या कोणाला कर्करोगासाठी रेडिएशन सुरू होणार असले, म्हणजे आपल्याकडे बरेच लोक ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात तो उपचार, की नातेवाइकांपैकी कोणीतरी एकदा तरी फॅमिली डॉक्टरकडे येऊन जातो. “डॉक्टरसाहेब, शेकाचा त्रास होऊ नये म्हणून आधी घ्यायची गोळी असते म्हणे. तेवढी लिहून द्या.” कोणी नातवाचे एक्स-रे वारंवार काढावे लागतात म्हणून विचारतो. कोणाचा भाऊ तारापूरकडे राहत असतो, म्हणून तो आयोडीनच्या गोळीची चौकशी करतो. प्रश्न अगदी रास्त आहे. डोकेदुखीवर गोळी आहे, रक्तदाबावर आहे, मग किरणांवर का नसावी?

किरणांपासून पेशींना वाचवणारी औषधे आहेत. ती सापडून पाऊणशे वर्षे झाली. उंदरांमध्ये त्यांचा गुणही चांगला दिसला. अडचण आहे ती औषध तोंडाने घेण्यात. औषध गिळल्यापासून ते पेशीत पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हे समजले की कोणत्या गोळीवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या गोळीवर पैसे घालवू नयेत, हेही समजते. आजच्या लेखात हा प्रवास पाहू.

किरण पेशीत काय करतात?

आपल्या पेशीत वजनाने सुमारे सत्तर टक्के पाणी असते. क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीतून जातात तेव्हा या पाण्याचे रेणू फुटतात आणि अत्यंत तापट असे तुकडे तयार होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ही मूलके पेशीच्या केंद्रातील डीएनएवर तुटून पडतात. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतके असते. म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी नुकसान होऊन गेलेले असते.

यातून एक गोष्ट ओघानेच येते. मूलकांना अडवणारे औषध किरण येण्याच्या क्षणी पेशीच्या आत हजर असले पाहिजे. ते नंतर येऊन उपयोग नाही. पोटात असून उपयोग नाही आणि नुसते रक्तात असूनही पुरेसे नाही. गडी शेतात हवा त्या वेळी तो वेशीवर असला तर पीक कोण राखणार?

उंदरांपासून सुरुवात

१९४९ साली अमेरिकेत हार्वे पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅट जातीच्या मोठ्या पांढऱ्या उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिस्टीन हे गंधक असलेले अमिनो आम्ल, जे आपल्या अन्नातल्या प्रथिनांतही असते, त्यांनी उंदरांना शिरेतून दिले आणि लगेच क्ष-किरणांचा मोठा मारा केला. सिस्टीन मिळालेले उंदीर अधिक संख्येने जगले. तेच सिस्टीन किरणांनंतर दिले तेव्हा काही फायदा झाला नाही. पुढे १९५१ च्या सुमारास बेल्जियममध्ये बाक यांनी सिस्टिअमीन हे त्याच कुळातले अधिक प्रभावी औषध दाखवले. या औषधांतील गंधकाचा भाग मूलकांना शांत करतो, असे त्याचे सोपे स्पष्टीकरण देता येईल.

तो काळ अणुबाँबच्या धास्तीचा होता. सैनिकाला खिशात ठेवता येईल आणि वेळ येताच गिळता येईल अशी गोळी अमेरिकन सैन्याला हवी होती. त्यांच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेने १९५९ ते १९७३ या काळात चार हजारांहून अधिक संयुगे तयार करून प्राण्यांवर तपासली. त्यातले सर्वांत गुणकारी ठरले ते ‘डब्ल्यूआर-२७२१’. आज त्याला अ‍ॅमिफॉस्टिन म्हणतात. हे औषध टोचलेले छोटे उंदीर एरवी प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेच्या अडीचपटीच्या आसपास किरणे सोसू शकले. गोळी मात्र हाती आली नाही. तोंडावाटे दिल्यावर तेच औषध फारच दुबळे ठरले. का, ते आता पाहू.

पहिली चौकी : जठर आणि आतडे

अ‍ॅमिफॉस्टिनच्या रेणूत गंधकाला फॉस्फेटचे टोपण लावलेले असते. टोपण असेपर्यंत औषध निष्क्रिय. पेशीजवळ पोहोचल्यावर अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, हे टोपण काढते आणि खरे काम करणारा रेणू पेशीत शिरतो. युक्ती उत्तम आहे. पण जठरातल्या आम्लाला ही युक्ती माहीत नाही! आम्लात हे टोपण तेथेच निघू लागते. जे औषध तेथून निसटते त्याची पुढे आतड्याच्या अस्तराशी गाठ पडते. या अस्तरातही तेच विकर भरपूर असते, म्हणजे टोपण पुन्हा भलत्याच ठिकाणी निघते. शिवाय फॉस्फेटमुळे रेणूवर विद्युतभार असतो आणि असे रेणू आतड्याच्या तेलकट पडद्यातून सहजासहजी आत जात नाहीत.

एवढ्यातूनही जे शोषले जाते ते थेट सगळ्या शरीरात जात नाही. आतड्यातले रक्त आधी यकृताकडे जाते. यकृत हा आपल्या शरीराचा जकात नाका. कित्येक औषधांचा मोठा भाग येथेच मोडला जातो आणि उरलेला पुढे सोडला जातो. शिरेत इंजेक्शन दिले की या दोन्ही चौक्या टळतात. म्हणूनच हे औषध आजही शिरेवाटे आणि काही ठिकाणी कातडीखाली देतात. २००० नंतर अमेरिकेत काही संशोधकांनी अ‍ॅमिफॉस्टिन पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून उंदरांना तोंडावाटे देऊन पाहिले. त्यात काही प्रमाणात यशही आले. पण माणसांसाठी अशी गोळी अजून बाजारात आलेली नाही.

येथे प्राण्यांविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. उंदरांना उलटी करताच येत नाही. त्यांच्या शरीरात ती सोयच नाही. त्यामुळे औषधाने मळमळते की नाही, हे उंदीर सांगू शकत नाही. उंदरांना प्रयोगात दर किलो वजनामागे ४०० ते ५०० मिलिग्रॅम अ‍ॅमिफॉस्टिन दिले गेले. रेडिएशनच्या रुग्णाला दिली जाणारी नेहमीची मात्रा किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि तेवढ्यानेही अनेकांना उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. “उंदरांवर गुणकारी” एवढे वाचून हुरळून का जाऊ नये, ते यावरून लक्षात यावे.

दुसरी चौकी : रक्तातून कोणाच्या वाट्याला किती?

औषध रक्तात पोहोचले म्हणजे सगळ्या अवयवांना सारखे वाटले जाते, असा आपला समज असतो. तसे होत नाही. हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी औषधातच किरणोत्सारी गंधक किंवा कार्बन घालून ते उंदरांना दिले आणि ठरावीक मिनिटांनी प्रत्येक अवयवात किती औषध आहे, हे यंत्राने मोजले. लाळग्रंथी, मूत्रपिंड, यकृत आणि आतड्याचे अस्तर यांनी औषध भरभरून घेतले. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यापर्यंत ते जवळजवळ पोहोचलेच नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडू शकत नाही.

सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण कर्करोगाच्या गाठीचे होते. युहास आणि स्टोरर यांनी १९६९ मध्ये दाखवले की गाठ असलेल्या उंदरात निरोगी भागाला जेवढे संरक्षण मिळते, तेवढे गाठीला मिळत नाही. गाठीचा रक्तपुरवठा वेडावाकडा असतो, तेथे टोपण काढणारे विकर कमी असते आणि वातावरण आम्लधर्मी असते. त्यामुळे औषध तेथे सावकाश आणि कमी पोहोचते. हेच तर हवे होते! निरोगी पेशी वाचाव्यात आणि गाठ मात्र किरणांच्या तावडीत राहावी.

या वाटपाच्या आधारावरच अमेरिकेत १९९९ साली अ‍ॅमिफॉस्टिनला डोके आणि मान या भागांच्या रेडिएशनमध्ये तोंड कोरडे पडण्याचा त्रास कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. लाळग्रंथी औषध जास्त घेतात, म्हणून त्या वाचतात. औषध रेडिएशनच्या १५ ते ३० मिनिटे आधी शिरेतून द्यावे लागते. शिरेतून दिल्यावर सहा मिनिटांतच त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग रक्तातून नाहीसा होतो, मग उशीर करून कसे चालेल? हे औषध रक्तदाबावर लक्ष ठेवून, रुग्णालयातच द्यायचे असते. सर्वच रुग्णांना ते लागत नाही. आता नव्या यंत्रांनी किरणांचा झोत लाळग्रंथी टाळून देता येत असल्याने त्याचा वापरही मर्यादित राहिला आहे.

तोंडावाटे खरोखर काम करणारी दोन औषधे

मग गिळण्याजोगे काहीच नाही का? आहे. पण त्यांचे काम वेगळे आहे. ती किरणांना अडवत नाहीत. शरीरात शिरलेल्या किंवा शिरू पाहणाऱ्या एका विशिष्ट किरणोत्सारी पदार्थाला अडवतात.

पहिले पोटॅशियम आयोडाइड. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडते. ते श्वासातून येते. गवतावर पडते, गाय ते गवत खाते आणि दुधातून ते मुलांच्या पोटात जाते. आयोडीन आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेते. साधे आयोडाइड आधीच पोटात गेले असेल तर तेही तितक्याच झपाट्याने शोषले जाते. ग्रंथी भरून जाते आणि किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. एस.टी.त आधीच सगळ्या सीट भरलेल्या असाव्यात, तसे हे आहे. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर पोलंडने सुमारे एक कोटी पाच लाख मुलांना आणि सत्तर लाख प्रौढांना आयोडाइड पाजले. त्याच अपघातानंतर बेलारूस, युक्रेन आणि रशिया या भागांत दूषित दूध प्यायलेल्या हजारो मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला.

या गोळीच्याही मर्यादा आहेत. ती वेळेवर घ्यावी लागते, म्हणजे आदल्या दिवसापासून ते संपर्कानंतर फार तर काही तासांपर्यंत. दिवस उलटल्यावर फायदा नाही. ती फक्त थायरॉइडला वाचवते. एक्स-रे, सी.टी. स्कॅन किंवा कर्करोगाचे रेडिएशन यांच्याशी तिचा काही संबंध नाही. दिल्लीत मायापुरीला २०१० साली भंगारात आलेल्या कोबाल्टमुळे लोकांना इजा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. तेथेही या गोळीचा उपयोग नव्हता, कारण तेथे आयोडीन नव्हतेच.

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची दुकाने रिकामी केली. हिशेब करून पाहा. प्रौढाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम असावे, असा नियम आहे. म्हणजे एका गोळीच्या बरोबरीसाठी साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल! आणि जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन तर चुकूनही पोटात घेऊ नये. ते विषारी आहे.

दुसरे औषध प्रशियन ब्लू, म्हणजे चित्रकारांच्या रंगपेटीतील निळ्या रंगाचे शुद्ध औषधी रूप. त्याचा गुण पहिल्याच्या अगदी उलट आहे. ते आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही, आणि म्हणूनच उपयोगी पडते. शरीरात शिरलेले किरणोत्सारी सीझियम पित्तावाटे आतड्यात येते आणि तेथून पुन्हा शोषले जाते. असे त्याचे चक्र चालू राहते. प्रशियन ब्लू आतड्यातच बसून हे सीझियम पकडते आणि शौचावाटे बाहेर नेते. प्रौढाच्या शरीरातील सीझियम निम्मे होण्यास एरवी सुमारे ११० दिवस लागतात. या औषधाने ते महिन्याभरात होऊ शकते. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात ओसाड दवाखान्यातले रेडिएशनचे यंत्र भंगार वेचणाऱ्यांनी उचलून नेले. त्यातील निळसर चमकणारी सीझियमची पूड घरोघर फिरली. २४९ माणसे दूषित झाली आणि चौघे दगावले. तेथे ४६ जणांना प्रशियन ब्लू देण्यात आले.

जनावरांनाही याचा लाभ झाला आहे. चेर्नोबिलनंतर नॉर्वेच्या डोंगरी चराईवर सीझियम पडले. तेथील मेंढ्या आणि रेनडिअर यांच्या मांसात ते उतरू लागले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे मोठा रांजणच. त्यात टाकलेली वस्तू आठवडेच्या आठवडे राहते. या गोष्टीचा फायदा घेऊन त्यांना प्रशियन ब्लूच्या जातीच्या क्षाराचे मोठे गोळे गिळवण्यात आले आणि चाटण्याच्या मिठातही तो क्षार घालण्यात आला. गोळा पोटात हळूहळू झिजत राहतो आणि सीझियम मांसात उतरण्याआधीच शेणावाटे बाहेर पडते. पोटाची रचना ओळखून औषध दिले की ते कसे काम करते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

तुळशीचे काय?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात १९९० च्या दशकात तुळशीच्या पानांच्या अर्कावर चांगले संशोधन झाले आणि अर्क मिळालेल्या उंदरांना किरणांपासून काही संरक्षण मिळाले, हे खरे आहे. पण या प्रयोगांत तुळशीतील घटक प्रामुख्याने उंदरांच्या पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने दिले होते. पोटाच्या पोकळीत म्हणजे जठरात नव्हे, तर आतड्यांच्या बाहेर असलेल्या जागेत. अंगणातली चार पाने चावून खाल्ली तर तेच घटक, तेवढ्याच प्रमाणात, त्याच वेळी पेशीत पोहोचतील, असे त्यावरून म्हणता येत नाही. तुळस जरूर खावी. पण तिच्या भरवशावर रेडिएशनचा त्रास होणार नाही, असे मानू नये.

‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलबाबत तर अधिक सावध राहावे. कॅनडातील क्वेबेक येथे डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर एक चाचणी झाली. काही रुग्णांना रेडिएशनच्या काळात आणि त्यानंतरही रोज ‘ई’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्यात आली. सुरुवातीला काहींना त्यासोबत बीटा-कॅरोटिनही दिले होते. २००५ आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही घेणाऱ्यांमध्ये रेडिएशनचा तीव्र त्रास कमी दिसला, पण पुढे पूरके घेणाऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण जास्त आढळले. कारण उघड असावे. निरोगी पेशींना वाचवणारी गोष्ट गाठीपर्यंतही पोहोचली, तर ती गाठीलाही वाचवणार. वाटप कोठे होते, यावर सगळे अवलंबून आहे.

रुग्णांनी आणि घरच्यांनी काय करावे?

आपल्या भागात तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ दिसतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

१. रेडिएशन सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडून दात तपासून घ्या. लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. काढण्यासारखे दात आधीच काढलेले बरे.

२. तोंड कोरडे पडत असेल तर पाण्याची बाटली जवळ ठेवून वरचेवर घोटभर पाणी घ्या. जेवण मऊ आणि पातळसर ठेवा. तिखट, खूप गरम पदार्थ आणि अर्थातच तंबाखू पूर्ण बंद करा.

३. गिळता येत नाही म्हणून घरातले लोक गोळ्या खलबत्त्यात कुटून किंवा नाकातल्या नळीतून देतात. तसे करण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषध दुकानदारांना विचारा. पँटोप्राझोलसारख्या काही गोळ्यांना जठरातील आम्लापासून वाचवणारे वेष्टन असते. कुटली की वेष्टन जाते आणि औषध आम्लात नष्ट होते. अ‍ॅमिफॉस्टिन गिळल्यावर जे घडते त्याच जातीचा हा प्रकार आहे. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. बहुतेक औषधांना पातळ औषधाचा किंवा दुसऱ्या गोळीचा पर्याय असतो. तो मागून घ्या.

४. घरात चालू असलेली सगळी औषधे, काढे, भस्मे, जीवनसत्त्वांच्या आणि टॉनिकच्या बाटल्या एका पिशवीत घालून रेडिएशनच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्यासमोर टेबलावर मांडा. लपवू नका, ते रागावतील म्हणून घाबरूही नका. कोणते चालू ठेवायचे आणि कोणते रेडिएशन संपेपर्यंत बंद ठेवायचे, हे ते पाच मिनिटांत सांगतील.